टाकी अर्ध्यावर आली की

ट्रकचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या पंपरूममध्ये येणारा गाडीमालक रोग सांगायला येत नाही, औषध सांगायला येतो. "पंप जरा चढवून दे." "सहाही नोझल बदलून टाक." "हा सेन्सर उडव, डोक्याला ताप आहे नुसता." नक्की काय होतंय असं विचारलं की तोंड वाकडं होतं. यातल्या बऱ्याच जणांनी अर्धं आयुष्य स्वतः स्टिअरिंग मारलंय, तेव्हा मत असणारच. अडचण एवढीच की मत सोळा-तेरा या जुन्या ट्रकच्या जमान्यातलं आणि गाडी बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची, कॉम्प्युटरवाली.

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे आमची पंपरूम वडिलांपासून आहे. त्यांच्या वेळी काम म्हणजे मायको कंपनीचा लाइन पंप, जुन्या इंजिनाला डिझेल मोजून देणारा. बेंचवर चढवायचा, सहा काचेच्या नळ्यांत पडणारं डिझेल मोजायचं, सहाही प्लंजर, म्हणजे डिझेल ढकलणारे दांडे, सारखं टाकेपर्यंत जुळवत बसायचं, मग जास्तीत जास्त डिझेल किती जावं ते ठरवणाऱ्या फुल लोडच्या स्क्रूला शिशाचं सील मारायचं. गाडी पुढच्या आठवड्यात परत आली की सील तुटलेलं. कुणीतरी स्क्रू अर्धा फेरा फिरवलेला असायचा. याला म्हणतात पंप चढवणे. डिझेल जास्त जातं, गाडी क्षणभर जोर धरते, मागून काळा धूर. मालक खूश. काळा धूर म्हणजे ताकद, ही समजूत अजून मेलेली नाही. तो धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं डिझेल, म्हणजे तुमचेच पैसे, हे सांगून वडिलांचा घसा बसायचा. पुढे पिस्टनचं डोकं वितळलं, हेड तडकलं की तेच लोक म्हणायचे, इंजिनाचं मटेरियल खराब.

हे सगळं एका केससाठी सांगतोय. ती संपून बरेच दिवस झाले, पण डोक्यातून जात नाही.

मालक मूळ माणदेशातले, वयाने वडिलांच्या बरोबरीचे. मी त्यांना काका म्हणतो, बाजार शेठ म्हणतो. कांद्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून वाशीच्या मार्केटला आले, पुढे ड्रायव्हर, मग एक गाडी, मग चार. आता कळंबोली ते चाकण कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या, टाकतात. त्यांची नवी गाडी तीन अॅक्सलची, २५० हॉर्सपॉवरची. तक्रार अशी की बोरघाटात लोडवर पुलिंग, म्हणजे ओढायची ताकद, जाते. चढता चढता गाडी एकदम मेल्यासारखी होते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत लोणावळ्याला पोचते. तिथे चहा पिऊन परत चालू केली की काही झालंच नाही अशी पळते.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी जाऊन आली होती. नाव घेत नाही. त्यांनी कॉम्प्युटर लावला, कोड आला रेल प्रेशर कमी. रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल पुरवणारी जाड नळी. फिल्टर बदलले. परत तेच. रेलचा सेन्सर बदलला. परत तेच. मग एस्टिमेट दिलं, इंजिनात डिझेल फवारणारे सहाही इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप. आकडा ऐकून काका माझ्याकडे आले. आल्या आल्या म्हणाले, "मला माहितीये काय आहे ते. कंपनीने ताकदच कमी केलीय. स्टिकरवर अडीचशे लिहिलंय, आत दीडशे नाय. माझी पंचवीस-अठरा याच घाटातून चाळीस टन घेऊन जायची."

"जायची, पण किती स्पीडने?"

"जायची ना पण!"

गाडीच्या नावातच सगळं असायचं हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. सोळा-तेरा म्हणजे १६ टन आणि १३० हॉर्सपॉवर. पंचवीस-अठरा म्हणजे २५ टन, १८०. टनामागे सात-आठ घोडे. २०१८च्या जुलैत सरकारने अॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, तीन अॅक्सलच्या गाडीचं एकूण वजन २५ वरून २८.५ टन झालं. मी पाटीवर काकांना हिशेब मांडून दाखवला. साडेअठ्ठावीस टन, सहा टक्क्यांचा चढ, स्पीड ताशी २५. नुसतं वजन वर उचलायलाच दीडशेच्या वर हॉर्सपॉवर लागते. टायरचं घर्षण, गिअरबॉक्स, फॅन धरला की १८० संपले. मग १८० ची गाडी चाळीस टन घेऊन कशी जायची? खालच्या गिअरवर रखडत जायची, मागे लाइन लागायची, क्लीनर चाकामागे लावायला दगड घेऊन तयार असायचा. काका पाटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "गणितात जात नसेल. घाटात जायची."

पत्र्याचंही तसंच. कळंबोलीत नवी गाडी आली की कुणीतरी बोटाच्या पेराने दरवाजा ठोकतोच. "पत्रा आहे रे. जुन्या गाड्या लोखंड होत्या." अरे, त्या जमान्यात कंपनी चेसिस आणि काऊल, म्हणजे केबिनचा पुढचा भाग, तेवढं द्यायची. मागची केबिन बॉडीवाला सुतार बांधायचा, लाकडाची, वरून पत्रा. आज ज्याला लोखंड म्हणून आठवतात ती अर्धी लाकूड होती. नव्या केबिनला समोरून जड लोलक आदळून बघतात, छतावर भार टाकतात, ड्रायव्हरच्या जिवापुरती जागा उरते का ते तपासतात. पण हे बोटाने ठोकून कळत नाही, मग कोण विश्वास ठेवणार. चेसिस तडकली म्हणून कंपनीला शिव्या देणाऱ्या गाड्यांखाली मी वाकून बघितलंय. पट्टीच्या वरच्या-खालच्या कडेला कुणीतरी भोकं पाडलेली असतात किंवा वेल्डिंग मारलेलं असतं. उष्णतेने त्या पोलादाचा कस जातो, आणि तडा बरोबर तिथूनच निघतो.

असो. केस.

मी आधी इंजेक्टरचा रिटर्न बघितला. सहाही नळ्या सुट्या करून, प्रत्येकातून परत येणारं डिझेल मोजायचं. एखादा खराब असेल तर त्याची नळी भराभर भरते. सहाही सारखे. मग इंजेक्टर कशाला बदलायचे? कोड सांगतो प्रेशर कमी आहे. का कमी आहे ते कोड सांगत नाही, ते माणसाने शोधायचं असतं. हल्ली सर्व्हिस सेंटरमधली पोरं स्क्रीनवर ज्या पार्टचं नाव येतं तो पार्ट बदलतात. पोरं हुशार आहेत, त्यांना वेळच देत नाहीत. दर गाडीमागे मिनिटं मोजलेली.

उभ्या गाडीत काहीच सापडणार नव्हतं, म्हणून लोड गाडीत बसून जायचं ठरवलं. कॉइल भरलेली, मी डाव्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप. ड्रायव्हर बीडचा, तिशीतला, कमी बोलणारा. काका म्हणाले होते, "त्याच्यावर लक्ष ठेव. रेस मारतो नुसती." खोटं नव्हतं, पण सवय कुणाची? जुन्या इंजिनात आवाज वाढवल्याशिवाय जोर यायचा नाही. नव्याचा सगळा जोर बाराशे ते सोळाशे आरपीएममध्ये असतो, मीटरवर हिरवा पट्टाच दिलाय. बावीसशेला नेऊन गिअर टाकणारा डिझेल जाळतो आणि म्हणतो इंजिन बसकं आहे. हा पोरगा मात्र माझ्यासमोर पट्ट्यातच चालवत होता. त्याला येत होतं.

खालापूरचा टोल गेला, खोपोली मागे पडली, चढ लागला. स्क्रीनवर दोन आकडे शेजारी शेजारी असतात, इंजिनाने मागितलेलं प्रेशर आणि प्रत्यक्ष मिळालेलं. लोडवर हा आकडा पंधराशे-सोळाशे बार. ट्रकच्या टायरमध्ये आठ-नऊ बार असतात, त्यावरून अंदाज करा. त्यातून डिझेल गळलं आणि बोट लावलं तर कातडी फाडून आत जातं, म्हणून चालू इंजिनाची रेलची नळी आम्ही कधी सैल करत नाही. जुन्या पंपाची नळी सैल करून हवा काढणारे हात अजून तीच सवय घेऊन फिरतात, बघून अंगावर काटा येतो.

अमृतांजन पुलाच्या अलीकडे (पूल २०२०च्या एप्रिलमध्ये पाडला, घाटातल्या लोकांच्या तोंडात जागेचं नाव तेच आहे) मिळालेलं प्रेशर मागितलेल्यापासून तुटायला लागलं. हळूहळू, पायरी पायरीने. इंजेक्टर किंवा वॉल्व्ह गेला तर असं होत नाही. असं होतं तेव्हा पंपाच्या तोंडापर्यंत डिझेलच पुरत नसतं. मग दिवा, मग कॉम्प्युटरने ताकद कापली.

मी म्हटलं, "नेहमी इथेच?"

ड्रायव्हरने आरशात बघितलं, मागे कुणीच नव्हतं तरी. म्हणाला, "टाकी फुल असली की नाही होत. अर्ध्याच्या खाली आली की होतं."

"हे सर्व्हिस सेंटरला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही. कार्डावर लिहिलं, पुलिंग कमी."

"आणि शेठला?"

तो हसला. "मिस्त्री, ड्रायव्हरने मालकाला टाकी कुठे आली ते सांगायचं असतं का?"

गाडीधंद्यात नसलेल्यांना हे कळायचं नाही. मालकाच्या मते प्रत्येक ड्रायव्हर डिझेल चोर. ड्रायव्हरने स्वतःहून टाकीचा विषय काढला की त्याचा अर्थ एकच लावला जातो. म्हणून ज्या एका वाक्याने लाखाचं एस्टिमेट वाचलं असतं, ते वाक्य हा पोरगा कित्येक महिने गिळून बसला होता.

परत आल्यावर मी टाकीची लाइन बंद केली, केबिनमागे स्वच्छ डिझेलचा कॅन बांधला आणि गाडी त्यावर लोडमध्ये चालवायला लावली. प्रेशर एक काडी हललं नाही. मग टाकी उतरवली. आत सगळं सापडलं. काकांनी चोरी होऊ नये म्हणून टाकीच्या तोंडात जाळी बसवून घेतली होती, कुठल्याशा वेल्डरकडून. जाळीच्या कडेच्या फटी बुजवायला त्याने पुट्टीसारखं काहीतरी लिंपलं होतं. डिझेलमध्ये ते सुटून त्याच्या पापुद्र्या तळाशी पडल्या होत्या. चढावर इंजिन पूर्ण ताकदीने डिझेल ओढायला लागलं की पापुद्र्या सक्शनच्या जाळीला चिकटायच्या. टाकी भरलेली असली की वरच्या डिझेलच्या दाबाने भागायचं, खाली गेली की पंप उपाशी. इंजिन बंद केलं की पापुद्र्या सुटून खाली. म्हणून चहा पिऊन गाडी बरी व्हायची, आणि म्हणूनच सर्व्हिस सेंटरच्या शेडमध्ये कधी काही दिसलं नाही.

मी पापुद्र्या ताटलीत काढून काकांसमोर ठेवल्या. त्यांनी एक उचलली, बोटांत चुरली.

"बघ," ते म्हणाले. "सोळा-तेराला हे झालंच नसतं."

आणि पंचाईत अशी की ते बरोबर होते. पूर्ण नाही, पण होते. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या जुन्या फीड पंपाच्या तोंडाशी छोटी वाटी असायची, आत जाळी. कचरा आला की गाडी तिथेही मरायची, पण ड्रायव्हर घाटात उतरून वाटी खोलायचा, जाळी फुंकायचा, हातपंपाने हवा काढायचा आणि निघायचा. मालकाला कळायचंही नाही. नव्या इंजेक्टरमधल्या फटी दोन-चार मायक्रॉनच्या, त्या कामाला फुंकर चालत नाही. काका ज्याला मजबूत म्हणतात ती गाडी जास्त टिकायची असं नाही. पाच-सहा वर्षांत तिचं इंजिन उतरवलेलं मी वडिलांच्या हाताखाली बघितलंय. पण तिला जाळी लावा, सील तोडा, दुप्पट माल भरा, ती तक्रार करायची नाही. नवी गाडी तक्रार करते, आणि कोड लिहून ठेवते.

हे मी त्यांना बोललो नाही. बोललो फक्त वेगळ्या जाळीबद्दल. तयार मिळते, स्क्रूने बसते, लिंपावं लागत नाही.

टाकीवर संशय कसा आला, हे त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, लॅपटॉपमध्ये दिसलं. ड्रायव्हरचं नाव घेतलं नाही. वर्षभर "डबडं, डबडं" म्हणून ज्या कॉम्प्युटरला शिव्या दिल्या, त्याचं आता ते टपरीवर कौतुक करतात. स्वतःच्या चार गाड्यांसाठी एक स्कॅनर घ्यायचा म्हणतात, कितीला मिळेल असं विचारून गेले. पोरगा अजून त्यांच्याकडेच आहे. परवा गाडी ऑइलला आली तेव्हा काकांनी मला बाजूला घेतलं. "गाडी एकदम फर्स्ट क्लास आहे. पण तुझ्या त्या मशीनमध्ये टाकीतलं डिझेल किती गेलं तेपण दिसतं का रे?"

मी म्हटलं, त्याचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, महाग पडेल.