फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर घेताय? आधी ते सोडायचं कसं ते बघा

हौशी फोटोग्राफर मंडळी जमली की विषय फिरून फिरून तिथेच येतो, एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? आणि मग लगेच फीचर्सची चर्चा, कोणाचं मास्किंग (फोटोचा ठरावीक भागच निवडून बदलणं) भारी, कोण एका क्लिकमध्ये आकाश सिलेक्ट करतं वगैरे. मला विचाराल तर फीचर्स नंतर बघा. आधी हे बघा की तुमचं काम ते सॉफ्टवेअर ठेवतं कुठे, आणि उद्या सोडायचं झालं तर त्यातलं काय सोबत नेता येतं.

कारण रॉ फाइल एडिट करताना मूळ फोटोला कोणी हातच लावत नाही. त्यात सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा असतो, बहुतेक कॅमेऱ्यांत १२ किंवा १४ बिटचा, आणि आपण स्लायडर हलवतो तेव्हा बाजूला फक्त सूचना लिहिल्या जातात, एक्सपोजर एवढं वाढव, इथे क्रॉप कर, ही सावली उचल. अडोबीचं लाइटरूम क्लासिक या सूचना कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या एका डेटाबेस फाइलमध्ये ठेवतं (सेटिंग चालू केलं तर एक्सएमपी फाइलमध्येपण लिहितं, ही फोटोची माहिती आणि सूचना ठेवणारी छोटी टेक्स्ट फाइल). डार्कटेबल हे फुकट सॉफ्टवेअर त्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं, शिवाय प्रत्येक फोटोशेजारी छोटी एक्सएमपी फाइल आपोआप बनवतं. आता दोन्हीकडे एक्सएमपी म्हटल्यावर इकडचं एडिट तिकडे उघडेल असं वाटतं ना? स्टार, कीवर्ड, कॅप्शन जातात, पण रंग, कॉन्ट्रास्ट, मास्क हे जसंच्या तसं जात नाही, कारण प्रत्येकाचं आतलं गणित वेगळं.

आणि सॉफ्टवेअर बंद पडतात हो. अ‍ॅपलने २०१४ मध्ये अ‍ॅपर्चर हे आपलं फोटो सॉफ्टवेअर पुढे चालू ठेवणार नाही असं जाहीर केलं आणि मॅकओएस कॅटलिनापासून ते उघडतच नाही, गूगलने २०१६ मध्ये पिकासा हे फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर बंद केलं. प्रोफेशनल माणसाने क्लायंटला फोटो दिले की त्याचं काम बऱ्यापैकी संपतं, आपलं तसं नसतं, आपण घरच्यांचे, प्रवासातले फोटो वर्षानुवर्षं साठवतो आणि वीस वर्षांनी त्यातलाच एखादा काढून मोठा प्रिंट करावासा वाटतो.

सबस्क्रिप्शनचं म्हणाल तर २०१५ ची लाइटरूम ६ ही एकदाच पैसे भरून मिळणारी शेवटची आवृत्ती होती. क्लासिकचं सबस्क्रिप्शन थांबवलं तर फोटो दिसतात, एक्सपोर्टपण होतात, पण डेव्हलप मॉड्यूल, म्हणजे जिथे एडिट करतात तो भाग, बंद. दर आठवड्याला बसून एडिट करणाऱ्याने खुशाल घ्यावं, शिकवणारे व्हिडिओ त्याचेच सगळ्यात जास्त सापडतात. पण ज्याचा कॅमेरा चार-चार महिने बॅगेतच असतो त्याने दरमहा पैसे कशाला भरायचे? त्याच्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. जिम्पपण फुकट आहे पण ते लेयर आणि रिटचिंगसाठी, रॉ उघडायला त्यालाही या दोघांपैकी कोणाची तरी मदत लागते. डार्कटेबलमध्ये पहिल्यांदा रॉ उघडल्यावर फोटो फिका दिसतो आणि मॉड्यूल (इथे म्हणजे एडिटिंगची एकेक टूल्स) बघून डोकं गरगरतं, तिथेच बरेच जण सोडून देतात. सोडू नका, एक्सपोजर (उजेड), सिग्मॉइड (कॉन्ट्रास्ट) आणि कलर बॅलन्स आरजीबी (रंग) एवढ्या तीन मॉड्यूलवर खूप काम निघतं.

निवड करायची पद्धत माझ्या मते एकच, स्वतःचा सगळ्यात अवघड फोटो घ्यायचा. सूर्यास्ताचा सुंदर फोटो नको, तो कुठेही छानच दिसतो. खिडकीला पाठ करून बसलेल्या माणसाचा घ्या, चेहरा काळोखात आणि बाहेरचं आकाश जळलेलं, म्हणजे तपशील जाऊन नुसतं पांढरं झालेलं. तोच रॉ प्रत्येक ट्रायलमध्ये उघडा, शॅडो (काळोखे भाग) वर न्या, हायलाइट (उजळ भाग) खाली आणा आणि १०० टक्के झूम करून नीट बघा. गालावर हिरवे-जांभळे ठिपके यायला लागतात का? केसांच्या कडेने पांढरी रेघ उमटते का? जळलेल्या आकाशाच्या कडेला गुलाबी झाक येते का? जास्त उजेडात लाल, हिरवा आणि निळा हे रंगांचे तिन्ही चॅनल एकाच वेळी आपल्या कमाल मर्यादेला पोचत नाहीत म्हणून ती झाक येते आणि ती कोण कशी सावरतं यात खूप फरक असतो, जो जाहिरातीतल्या आधी-नंतरच्या फोटोंत कधीच कळत नाही. आणि हे करताना आपल्याला मजा येतेय की चिडचिड होतेय तेही बघा, हौसेसाठी करतोय तर हे फीचर्सइतकंच महत्त्वाचं.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, रॉ फाइल्स आपल्या नेहमीच्या फोल्डरमध्येच राहू द्या, आणि जे फोटो जिवापाड आवडतात त्यांचं एडिट झालं की १६ बिट टिफ (दर्जा न घटवता फोटो साठवणारी फाइल) एक्सपोर्ट करून ठेवा. फाइल मोठी होते पण ती जवळपास कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडते. बाकीच्यांना चांगल्या क्वालिटीचं जेपेग पुरतं.