पुढे चालणारा

17 सप्टेंबर, रात्री साडेदहा

सकाळी ग्रामपंचायतीसमोर मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं. दुपारी पाऊस लागला, तो अजून लागलेलाच आहे. घरात बसून दुसऱ्या महायुद्धातल्या दवाओच्या कैद्यांविषयी वाचलं आणि आता झोप येईना.

फिलिपिन्समधलं बातान 9 एप्रिल 1942 ला पडलं. शरण आलेल्या अमेरिकी आणि फिलिपिनो सैनिकांना जपान्यांनी शंभरेक किलोमीटर भर उन्हात चालवलं. पाण्यावाचून, मार खात हजारो वाटेतच गेले. जगले त्यांतल्या काहींना पुढे मिंदानाओ बेटावर, दवाओच्या तुरुंग-वसाहतीत नेलं. भोवती जंगल आणि दलदल. 4 एप्रिल 1943, रविवारी, कामावर निघाल्यासारखं करून दहा अमेरिकी तिथून निसटले. सामान त्यांनी आधीच थोडंथोडं करून रानात दडवलं होतं. बरोबर दोन फिलिपिनो कैदी होते, बेनिग्नो दे ला क्रूझ आणि व्हिक्टर जुमारोंग. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारे. पण रानाचे जाणकार हेच दोघे.

पुढे जपान्यांशी गनिमी काव्याने लढणाऱ्या टोळ्यांची गाठ पडली. मिंदानाओतल्या या टोळ्यांचा म्होरक्या वेंडेल फर्टिग, मूळचा खाण इंजिनिअर. त्याची माणसं पडद्यांच्या पितळी दांड्या कापून बंदुकीच्या गोळ्या करायची! दहांतले तिघे जुलैत पाणबुडीने ऑस्ट्रेलियाला पोचले आणि बातानमध्ये काय घडलं ते त्यांच्या तोंडून कळलं. काही जण मात्र सुटूनही तिथेच थांबले, त्या टोळ्यांच्या बाजूने लढले. अंगात ताकद नसताना पुन्हा बंदूक धरायची, हे मला फार मोठं वाटतं.

वाचता वाचता आजीच आठवत राहिली. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे, म्हणजे निजामाच्या हद्दीत. पलीकडे वऱ्हाड, तिथे निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांचा उमरखेडचा कॅम्प. रझाकारांच्या दिवसांत रात्री-बेरात्री ही पोरं आमच्या शेतातल्या आखाड्यावर यायची. आजी ज्वारीच्या भाकरी फडक्यात बांधून द्यायची, वर मिरचीचा ठेचा. "नाव इचारायचं नाही, बाबा," ती सांगायची. "धरलं तर आपल्या तोंडून निघू नये."

त्यांना नदी उतरून द्यायला एक गोंड माणूस यायचा. काठीने तळ चाचपत पुढे तो, मागे बाकीचे, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. पाण्यात बोलायचं नाही. आजीला त्याची काठीसुद्धा आठवायची, बांबूची, खालच्या टोकाला लोखंडी कडं. नाव मात्र तिने कधी विचारलं नाही.

दवाओच्या त्या दोघांची नावं ऐंशी वर्षांनी मला घरबसल्या वाचायला मिळाली. आमच्या माणसाचं नाव आज सकाळच्या एकाही भाषणात नव्हतं. कुठून असणार? आजीला जाऊन बारा वर्षं झाली.

नदीच्या वरच्या अंगाला गोंडांची पाच-सात घरं आहेत. पाऊस उघडला की जाऊन येतो. त्या कड्याच्या काठीचंच विचारीन आधी.