नळाचा दिवस आणि घनफूट

आमच्या घरी शाळेचं वेळापत्रक नळ ठरवतो. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, आणि आलं की व्याकरण, इतिहास जागच्या जागी टाकून घागरी, बादल्या, पिंपं भरायला पळायचं. मुलांना घरीच शिकवते म्हटलं की लोकांना वाटतं, खिडकीजवळ टेबल असेल, पुस्तकात मान घातलेली लेकरं असतील. आमच्या टेबलावर चटणीसाठी निवडायच्या शेंगा असतात.

मध्यंतरी धाकट्यानं हौदाला टेप लावला. चार फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. छत्तीस घनफूट. एका घनफुटात 28.3 लिटर, म्हणजे हजार लिटर आणि वर थोडं. मी खूश. पण गडी तिथं थांबला नाही. माणशी किती, दिवसाला किती, नळ पुन्हा कधी, असं सगळं मांडून त्यानं आंघोळ एक दिवसाआड करायची ठरवली. "मी कुठं म्हणतोय, गणितच म्हणतंय की!"

असे दिवस मोजकेच. एरवी पाढे घोकूनच पाठ होतात आणि भागाकार म्हटला की पोटात दुखतं. जगण्यातून आपोआप शिक्षण होतं म्हणणाऱ्यांनी एकदा दहा वर्षांच्या पोराला तीन अंकी भागाकार शिकवून बघावा. त्यातून शिकवणारी आई, म्हणजे वाद घालायला मोकळीक. बाईंसमोर हाच पोरगा हाताची घडी घालून बसला असता.

भाषेचं मात्र मला काही करावं लागत नाही. शेजारच्या अक्कांकडून तो तेलुगूतलं एक, दोन, तीन, म्हणजे 'ओकटी, रेंडू, मूडू' उचलून आला, आणि समोरच्या कन्नड आजींना "ऊटा आयता?", म्हणजे जेवण झालं का, असं विचारून रोज काहीतरी खायला मिळवतो. याला गृहपाठ म्हणायचं की नाही, मी ठरवलेलं नाही.

मे महिन्यात शाळांना सुट्टी, आम्हाला नाही. दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराच्या जरा आधी गच्चीवर स्टीलचा उभा डबा ठेवला. फरशी इतकी तापलेली की तिघंही एका पायावरून दुसऱ्या पायावर. सावली आक्रसत आक्रसत बुडाखाली गेली आणि डबा बिनसावलीचा झाला. दिल्लीला हे कधीच दिसत नाही, ती कर्कवृत्ताच्या वर आहे, असं थोरलीनं सांगितलं. मी सांगायच्या आधी.

खालून आवाज आला, "काय ओ वहिनी, उन्हात काय करालाव?" उत्तर लांबलचक होतं, म्हणून "पापड वाळतात का बघतोय" म्हटलं. नातेवाईकांना एवढ्यावर गप्प करता येत नाही. त्यांना गुणपत्रिका लागते. मग सांगावं लागतं की 14 वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी देता येते, बोर्ड सरकारी आहे आणि पुढं कॉलेजही मिळतं. ऐकून सासूबाई म्हणतात, "बरं, मग आत्ता कितवीत म्हणायचं?"

थोरलीचं वय आता जवळ आलंय. पाच विषय घ्यावे लागतात, निदान एक भाषा हवी, बाकी निवड आपली. त्यात गणित सक्तीचं नाही, हा शोध तिनं स्वतःच लावला. माहितीपत्रकातली बारीक अक्षरं तिनं ज्या निष्ठेनं वाचली, तेवढ्या निष्ठेनं माझ्या हातचं एकही पुस्तक आजवर वाचलेलं नाही.