कोकणातल्या घरासाठी जुने दिवे निवडताना

राजापूर तालुक्यातलं आमचं जांभ्या चिऱ्याचं घर दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला काढलं. कौलं, वाशे, गडगे (चिऱ्यांची कुंपणं) झाले आणि शेवटी वायरमननं सगळीकडे पांढऱ्या ट्यूब लावल्या. त्या रात्री ओटीवर बसवेना. सारवलेली जमीन राखाडी दिसत होती, फणसाच्या लाकडाचे खांब विटल्यासारखे वाटत होते, आणि पाखरांनी तर ताटात पडायला सुरुवात केली.

जुने दिवे आणायचे हे तेव्हाच ठरवलं. पण कोणते? मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात फिरले, तेव्हा जे सुंदर दिसेल ते घ्यावंसं वाटायचं. दिशा मिळाली ती काकूंच्या बोलण्यातून. त्या म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे दिवा फिरायचा. एकच कंदील ओटीवरनं माजघरात, तिथनं परसवात. सगळ्या घरात एकदम उजेड कुणाला हवा होता?" मग त्यांच्याजवळ बसून मी यादी केली: कुठे, कोणत्या कामाला, कोणता दिवा असायचा. पुढची सगळी निवड त्या यादीवरून झाली.

कंदील घरातच निघाला. माळ्यावर, भाताच्या कणगीमागे, गंजलेला 'प्रभाकर'. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्यातला. १९१६ साली सुरू झालेल्या त्या कारखान्याच्या स्वदेशी कंदिलांनी एकेकाळी महाराष्ट्रातली घरं उजळली होती. तो हातात घेतल्यावर मला खरंच भरून आलं. बाबांनी ह्याच्याच उजेडात अभ्यास केला होता.

कंदिलाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या केवळ धरायला नसतात. त्यांतून हवा खाली बर्नरपर्यंत जाते, म्हणून वाऱ्यातही ज्योत टिकते. हे कळल्यावर नळीला कुठे छिद्र पडलंय का ते आधी पाहायची सवय लागली. ती लागण्यापूर्वी बाजारातून घेतलेल्या एका कंदिलाच्या टाकीला तळाशी लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला होता. तेल भरल्यावर रात्रीतून ओटीवर थारोळं झालं. तेव्हापासून विकत घेण्याआधी टाकीत पाणी भरून दहा मिनिटं कागदावर ठेवते. दुकानदार नको म्हणाला तर कंदीलही नको.

वात सरळ कापून दोन्ही टोकं किंचित गोल करायची, हे काकूंनी शिकवलं. कोपरे राहिले की ज्योतीला शिंगं फुटतात आणि काच काजळते. काच राखेनं घासून जुन्या वर्तमानपत्रानं पुसायची. रेशनवरचं निळं रॉकेल आता मिळत नाही, म्हणून दिव्याचं पॅराफिन तेल आणते. वास कमी येतो.

माजघरासाठी काचेची हंडी हवी होती. पूर्वी हंडीत पेला असायचा: खाली पाणी, वर खोबरेल आणि त्यावर तरंगती वात. लाल आणि निळ्या हंड्यांचा फार मोह झाला, पण दुकानातच आत दिवा धरून पाहिला तर खाली वाचता येईना. माजघरात तांदूळ निवडायचे असतात, मुलं पुस्तकं घेऊन बसतात. म्हणून बिनरंगी, कडेला वेलबुट्टी कोरलेली घेतली. तिला भोक पाडू दिलं नाही. साखळीच्या कड्यातून कापडी वेष्टणाची वायर खाली सोडून आत दिवा टांगला आहे. उद्या कुणाला परत वात लावावीशी वाटली तर लावता येईल.

आतल्या दिव्यासाठी खोक्यावरचा केल्विनचा आकडा बघायचा; तो जितका कमी, तितका उजेड पिवळसर. ट्यूबवर ६५०० होतं. कंदिलाची ज्योत २००० च्या आसपास असते. फिलामेंटसारखे दिसणारे २२०० चे छोटे एलईडी शोधायला दीड महिना गेला, आणि तो वेळ सार्थकी लागला. खांबांचा रंग परत आला. पितळी दिव्यांना वायरमनदादांकडून तीन तारांची वायर आणि अर्थिंग करून घेतलं. धातूच्या दिव्याला ते हवंच, त्यात आपल्याकडचा पावसाळा! बाहेरच्या लाइनला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबीही (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवला.

गॅसबत्ती मात्र नाकारली. पेट्रोमॅक्सचा प्रकाश भजनाला, लग्नाला, जत्रेला शोभतो. दाबानं तेल चढवायचं, फरफर आवाज, प्रचंड उष्णता, शिवाय जुन्या जाळ्यांमध्ये थोरियम हे किरणोत्सारी द्रव्य असतं. ओटीवर शांत बसायला ती योग्य नाही.

खरा विचार अंगणाचा करावा लागला. मला पाणंदीपासून विहिरीपर्यंत दिव्यांचे खांब हवे होते, जुन्या बिडाच्या खांबांची किंमतही विचारून ठेवली होती. काकू म्हणाल्या, "मग काजवे कुठे येतील?" मे सरताना, पहिल्या सरी पडल्या की विहिरीजवळच्या ऐनाच्या झाडावर काजवे येतात. नर-मादी एकमेकांना लुकलुकून शोधतात. आपला उजेड पडला की त्यांची ती खूण पुसते. खांब रद्द केले. गडग्यात चिरे बसवताना ठेवलेल्या देवळ्या होत्याच. पायरी दिसेल एवढेच १२ व्होल्टचे दिवे त्यांत खाली तोंड करून लावले, आणि ते जूनमध्ये बंद ठेवतो. वृंदावनाला पणती, देवघरात तिळाच्या तेलाची समई. तिथे वायर नेलीच नाही.

पडवीच्या खुंटीवर आता प्रभाकर असतो. रात्री विहिरीकडे जायचं झालं की तो उचलायचा. गेल्या जूनमध्ये मीही तो घेऊन गेले, आणि ऐनाच्या अलीकडे पोचल्यावर वात खाली केली.