नाव 'नंबर वन', खप बघाल तर

गिटारवाली इंग्लिश गाणी म्हटलं की आमच्या ग्रुपात दोनच नावं निघतात, बीटल्स आणि ईगल्स, तिसरं काढलं की पोरं 'हे कोण आणि' असं बघतात. तरी मी काढणारच. बिग स्टार. अमेरिकेतल्या मेम्फिसची चार पोरं, 1972 चा पहिला अल्बम, नाव 'नंबर वन रेकॉर्ड', आणि बँडचं नाव घेतलं स्टुडिओजवळच्या सुपरमार्केटच्या पाटीवरून. एवढा मोठा आव आणून खपल्या दहा हजाराच्या आतच कॉप्या. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेलं, पण स्टॅक्स ही सोल म्युझिकवाली, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कलाकारांची गाणी काढणारी कंपनी, तिला हा पॉपचा माल दुकानापर्यंत पोचवायलाच जमलं नाही. हळद एक नंबर निघावी आणि सांगलीच्या मार्केट यार्डात गाडीच येऊ नये, तसलं झालं सगळं. गंमत म्हणजे यातला अ‍ॅलेक्स चिल्टन सोळाव्या वर्षी दुसऱ्या बँडमधून खरोखरच नंबर वनला जाऊन आलेला होता, 1967 ला, 'द लेटर' गाऊन.

पण लोक या बँडबद्दल बोलायला लागले की नुसतं बिच्चारे बिच्चारे करतात ते मला पटत नाही. मला तो अल्बम आवडतो तो त्यातल्या तारांच्या आवाजासाठी. जॉन फ्रायनं आर्डेंट स्टुडिओत जे रेकॉर्डिंग केलंय ना त्यात अकूस्टिक गिटारची प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, वर इलेक्ट्रिक गिटार, त्याच्यावर दोघातिघांचे आवाज, आणि एवढं सगळं असूनही कुठं गिचमिड नाही. मिरजेत सतारमेकर गल्लीतनं जाताना कुणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत बसलेलं असतं बघा, म्हणजे तारेचा आवाज खुलावा म्हणून तारा जिच्यावर टेकतात ती घोडी जरा घासायची, तार छेडायची, परत घासायची, दोरा केसभर सरकवायचा आणि मधेच एकदम तो आवाज उघडतो. गिटारला जवारी नसते हे मलाही कळतंय, पण 'द बॅलड ऑफ एल गुडो'चा कोरस सुरू झाला की माझ्या कानाला तेच होतं. शास्त्रीयवाले हसतील, हसू देत.

'थर्टीन'ला तर ड्रमच नाहीत. गिटार आणि आवाज, संपलं. शाळेतल्या वयाचं प्रेम, तेही कसलाच आव न आणता. याच्या उलट पहिलंच गाणं 'फील', त्यात क्रिस बेल एवढा जीव तोडून ओरडतो की आमच्या आई म्हणाल्या असत्या, पोराला काय चावलं का. हा बेलच खरा या अल्बमच्या मागं लागलेला माणूस, आणि खप बघून तोच वर्षाअखेर बँड सोडून गेला. 1978 ला गाडीच्या अपघातात वारला, सत्ताविसाव्या वर्षी. पुढं 'इन द स्ट्रीट' गाणं 'दॅट सेव्हंटीज शो' या सिरियलचं टायटल झालं, ते पण दुसऱ्यांनी गायलेलं, म्हणजे लोकांना चाल पाठ आणि बँड माहीत नाही.

आणि हो, यात 'द इंडिया साँग' नावाचं पण एक गाणं आहे. इंडियात जाऊन मोठ्या घरात राहायचं, जिन पीत पियानो वाजवायचा असा काहीतरी बेत आहे त्यात. कुठला इंडिया बघितला होता राव यांनी, एप्रिलमधे एकदा सांगलीत आले असते तर पियानो राहू दे, पंख्याखालनं उठले नसते. ते गाणं सोडलं तरी चालेल, माझं काही म्हणणं नाही.

नव्यानं ऐकणार असाल तर 'फील'पासून सुरू करू नका, दचकाल. एल गुडो, मग थर्टीन, मग सगळा अल्बम. आणि फोनच्या स्पीकरवर तर मुळीच नको, त्यात तारा सगळ्या पत्र्यासारख्या वाजतात.