हमीदाराचा रकाना

जूनमधला दुसरा शनिवार. गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका जुन्या घराच्या सोप्यावर आम्ही तिघे बसलो होतो: घरमालकीण काकी, मी आणि तो. काकींच्या हातात पोलीस ठाण्यात द्यायचा भाडेकरू पडताळणीचा फॉर्म होता. नाव लिहून झाले, वय झाले, आधार क्रमांक झाला. मग 'कायमचा पत्ता' आला. काकींनी चष्मा वर सरकवला आणि त्यालाच विचारले, "घर खंय तुजें, बाबा?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिले.

१ जूनला तो अठरा वर्षांचा झाला होता. ही तारीख कोणाला ठाऊक होती म्हणून नव्हे, ठाऊक नव्हती म्हणून ठरलेली. लहानपणी तो सापडला तेव्हा जन्माचा दाखला नव्हता. बालकल्याण समितीने वय ठरवले आणि आदेशात १ जून लिहिले गेले. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांची सोय लावणे हे माझे काम, आणि आमच्या फायलींमध्ये १ जून आणि १ जानेवारी या तारखा पुन्हा पुन्हा दिसतात त्या यामुळेच. कायद्याने तोच आदेश वयाचा पुरावा ठरतो. पण त्यामुळे बालगृह सोडायचा दिवस ऐन पावसाळ्याच्या तोंडावर येतो आणि आयटीआयचे वर्ष तेव्हा संपलेले नसते. हा मुलगा इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला होता. परीक्षा पुढेच होती.

बाल न्याय कायदा २०१५ चे कलम ४६ म्हणते की अठरा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत 'देता येईल'. 'द्यावी' असे म्हणत नाही. या एका क्रियापदापायी किती मुले रस्त्यावर येत असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत ही अठरानंतरची मदत, म्हणजे आफ्टरकेअर, २१ व्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून २३ पर्यंत ठेवली आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला ४,००० रुपये मुलाच्या स्वतःच्या खात्यात जातात. सहा ते आठ जणांनी मिळून राहायच्या गटघराचीही सोय नियमात आहे, पण मला हवे होते त्या आठवड्यात तसे घर हाताशी नव्हते. म्हणून भाड्याची खोली.

मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी पुढची योजना समितीपुढे ठेवावी, असे नियम सांगतो. मला विचाराल तर दोन महिने फार कमी आहेत. मूल साडेसोळा वर्षांचे झाले की मी कागद काढायला बसते. या मुलाची फाईल माझ्याकडे आली ती एप्रिलमध्ये, आणि मग पुढचे सगळे एकात एक अडकत गेले.

अडकले ते असे. त्याच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर बालगृहात मुलांना सांभाळणाऱ्या एका जुन्या मावशींचा होता. बालगृहात मुलांकडे फोन नसतात, म्हणून कोणे एके काळी त्या बाईंनी आपुलकीने स्वतःचा नंबर दिला. पुढे त्यांनी नोकरी सोडली, नंबर बंद झाला आणि कंपनीने तो दुसऱ्याला दिला. मी लावून पाहिला तर एका अनोळखी गृहस्थांनी उचलला. त्यांच्याकडे ओटीपी मागणे बरोबर नाही. मी माफी मागून ठेवून दिला. नंबर बदलायला आधार केंद्रात स्वतः जाऊन बोट लावावे लागले. बोट जुळेना. पंधरा वर्षांनंतर बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे नव्याने द्यायचे असतात, ते कोणी करून घेतलेच नव्हते. मशीन त्याचा अठरा वर्षांचा अंगठा लहानपणच्या ठशाशी ताडून पाहत होते. म्हणजे आधी ठसे, ते मंजूर होईपर्यंत थांबायचे, मग बाकीचे.

बँकेत वेगळीच गाठ. खाते अज्ञानाचे, म्हणजे अठराच्या आतल्या मुलाचे, आणि पालक म्हणून बालगृहाच्या अधीक्षकांची सही. अठरा पूर्ण झाले की असे खाते थांबते. नवी केवायसी, नवा फोटो, मुलाची स्वतःची सही आणि ती साक्षांकित करायला जुन्या पालकाची सही. ते अधीक्षक केव्हाच बदलून गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी तीनदा तेच वाक्य ऐकवले, पण एकदाही वर पाहिले नाही. शेवटी नव्या अधीक्षकांचे पदनामाचे पत्र आणि समितीचा आदेश जोडला तेव्हा काम झाले.

खरा फटका पुढे बसला. सरकारी पैसे आधारवरून येतात तेव्हा ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडला त्याच खात्यात ते उतरतात, आपण अर्जावर कुठले खाते लिहिले याला फारसा अर्थ नसतो. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी त्याचे दुसऱ्या बँकेत एक खाते उघडले होते, आणि पासबुक कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. आधार कुठे जोडलाय हे वेबसाईटवर दिसते, पण तिथेही ओटीपी लागतो. म्हणजे फिरून मावशींचाच नंबर. जूनचा हप्ता जमा झाल्याची नोंद ऑफिसात होती आणि मुलाच्या हातात काही नव्हते. या कामात नव्याने आलेल्यांना मी एवढेच सांगते: बाकी सगळे राहू दे, मूल पंधराचे झाले की पहिल्यांदा ठसे, मग त्याचा स्वतःचा नंबर, मग एकच खाते. याच क्रमाने.

खोली बघताना मात्र मी कोणाचेच ऐकत नाही. ही खोली सहावी. आधीच्या पाचांपैकी तीन ठिकाणी 'आश्रमातला मुलगा' म्हटल्यावर खोली अचानक नातेवाईकांना देऊन झाली होती. फोंड्याचा परिसर मी मुद्दाम धरला होता. फर्मागुडीची आयटीआय जवळ, आणि पुढे अप्रेंटिसशिप मिळाली तर बेतोडा, कुंडई, मडकई या तिन्ही औद्योगिक वसाहती तालुक्यातच. सकाळच्या पाळीला बस चुकली तरी मुलाला गाठता येईल एवढेच अंतर हवे. पावसाळ्यात खोली बघायची तर हात भिंतीला लावून बघायची. चिऱ्याची भिंत जमिनीपासून हातभर ओली आणि गिलाव्यावर पांढरे फुललेले असेल तर गादी महिन्याभरात कुजते. आतून कडी आहे का, खिडकीला गज आहेत का, नळाला पाणी किती वाजता, कपडे पावसात वाळवायचे कुठे. विजेचा सबमीटर वेगळा आहे का, आणि आजचा आकडा काय. आकड्याचा मी फोटो काढते आणि मालकांना पाठवते.

भाडे ४,५०० ठरले. दोन महिन्यांचे डिपॉझिट, ९,०००. महिन्याचे चार हजार महिन्यालाच येणार, पण डिपॉझिट पहिल्या दिवशीच लागते. ते एका देणगीदारांकडून आले, दरवेळी येईलच असे नाही. वरचे पाचशे आणि जेवणखाण यांसाठी संध्याकाळी एका वायरमनच्या हाताखाली काम. सामान: गादी, दोन चादरी, बादली, तांब्या, दोन लिटरचा कुकर, एक पातेले, सुरी, टॉर्च, कुलूप तीन किल्ल्यांचे. पाच किलोचा छोटा सिलिंडर, कारण त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. ताटे मी नेहमी दोन घेते. एकच ताट घेतले की खोलीत दुसरा कोणी जेवायला येणार नाही हे आपणच ठरवून टाकतो.

सोप्यावरच्या प्रश्नावर परत येते. किती सांगायचे हे त्याने ठरवायचे, असे आमचे बसमध्ये बोलणे झाले होते. मी 'मेरशीला' किंवा 'इकडे तिकडे' असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. तो म्हणाला, "हांव बालगृहांत वाडलां, काकी."

काकी थोडा वेळ फॉर्मकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जेवतलो खंय?"

तो म्हणाला, स्वतः रांधणार. आणि काकी उठून त्याच्याबरोबर खोलीत गेल्या. मी मागून. त्याने कुकर काढला आणि तांदळाच्या पिशवीतून एक, दोन, तीन असे आठ पेले काढले. आठव्या पेल्याला काकींनी त्याचा हात धरला. बालगृहात त्याने भात पाहिला होता तो चाळीस माणसांच्या टोपात. भाजेल म्हणून आपण मुलांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवतो, वर्षानुवर्षे ठेवतो, आणि बाहेर पडताना एकदम हातात कुकर देतो. चुकत असतो आपणच. काकींनी सात पेले पिशवीत परत घातले, उरलेला धुवायला लावला आणि त्याच्याच बोटाचे पहिले पेर तांदळावर टेकवून पाणी कुठवर ते दाखवले. तीन शिट्ट्या होईपर्यंत तो कुकरसमोरून हलला नाही.

तेवढ्या वेळात मी फॉर्म पुरा करत होते. कायमचा पत्ता: बालगृहाचा, आधारवर आहे तोच. त्याखाली 'हमीदाराचे नाव व मोबाईल'. हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म घेत नाहीत. त्याच्या ओळखीत आयटीआयमध्ये शिकवणारे एक निदेशक होते, पण त्यांना मी विचारलेले नव्हते. अधीक्षकांचे नाव घातले तर ते पुढच्या वर्षी बदलून जातील. पावसात पाच वाजत आले होते आणि ठाण्यात फॉर्म देऊन काकींना परत यायचे होते. मी माझे नाव आणि माझा नंबर लिहिला.

माझी नेमणूक कंत्राटी आहे, दरवर्षी वाढवून मिळते. नंबर ऑफिसचा नाही, माझा आहे. कधी बंद करेन, कधी बदलेन, मलाच माहीत नाही. त्या जुन्या मावशींनीही असेच पेन हातात धरले असेल, समोर मूल उभे असेल आणि रांग मागे लागलेली असेल. एप्रिलपासून मी त्यांच्यावर मनातल्या मनात किती चिडले होते.

सोमवारी मी निदेशकांना फोन केला. हमीदार म्हणून तुमचे नाव घालू का, असे विचारले. मुलगा चांगला आहे, हात नीट चालतो, असे ते बराच वेळ बोलले. नावाचे म्हणाल तर घरी विचारून सांगतो, म्हणाले. आज ऑगस्टची नऊ तारीख. फॉर्मवर अजून माझाच नंबर आहे.