आखाजीआधी गाडी वर उचलली

माझी स्विफ्ट 2014 ची. चार वर्षांपूर्वी हौसेनं कॉइलओव्हर, म्हणजे रिंगा फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप, टाकले आणि गाडी चांगली दोन बोटं खाली बसवली. दिसायला फार देखणी झाली, अजूनही मला ती तशीच आवडते. पण अमळनेर-धुळे रोजचं जाणं-येणं, आणि मधल्या गावांतले गतिरोधक! इंडियन रोड काँग्रेसच्या नमुन्यात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितलाय, म्हणजे गाडी त्यावर हळूच चढावी आणि हळूच उतरावी. आमच्याकडे कित्येक गावांच्या वेशीवर उंची तेवढीच किंवा जास्त, पण रुंदी जेमतेम हातभर. एकटा असलो की तिरकी घालून काढायचो. गेल्या दिवाळीत आई, काका-काकू आणि मी असे चौघं निघालो तर इंजिनच्या चेंबरखालचं गार्ड असं घासलं की आईनं डोळेच मिटले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शिरपूरहून बहीण आणि भाचरं आणायची होती. तेव्हा ठरवलं, गाडी थोडी वर घ्यायची.

पहिली अडचण म्हणजे लॉक रिंगा, म्हणजे ठरवलेली उंची आवळून धरणाऱ्या रिंगा, जागच्या हलेनात. ज्या गॅरेजमध्ये किट बसवलं होतं तिथं आट्यांना ग्रीसचा हातही लागलेला नव्हता, आणि वर रिंगा छिन्नी-हातोडीनं ठोकून आवळलेल्या. खाचांचे कोपरे उडाले होते. मला याचं खरंच वाईट वाटलं. अ‍ॅल्युमिनियमची रिंग असते ती, हूक पाना लावून हातानं फिरते. त्यात चार पावसाळ्यांची काळी माती आट्यांत बसून दगड झालेली. चाकं काढून तारेच्या नव्हे, प्लास्टिकच्या ब्रशनं माती खरवडली, डिझेल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पुन्हा ब्रश, मग गंज सोडवणारा स्प्रे. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली रिंग कट्कन सुटली तेव्हाचा आनंद वेगळाच.

कामाची वेळ पहाटे साडेपाच ते नऊ. मे महिन्यात आमच्याकडे दहानंतर पान्याला हात लावला तर चटका बसतो.

उंची मोजायची कशी, इथेच मी आधी चुकत होतो. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजलं तर टायरमधली हवा, खालची फरशी सगळं त्यात मिसळतं. चाकाच्या मधल्या टोपीपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. आमचं अंगण डोळ्याला सपाट वाटतं, पण गवंड्याची पाण्याची नळी लावून पाहिली तर पुढच्या उजव्या चाकाखाली जागा 11 मिलिमीटर खोल. फरशीचे तुकडे घालून चारही जागा सारख्या केल्या, चारही टायरांत सारखी हवा भरली. मग आकडे निघाले: पुढे डावीकडे 318, उजवीकडे 324, मागे 310 आणि 312.

हे आकडे वहीत लिहून मी वरच्या, म्हणजे स्प्रिंगखालच्या रिंगा फिरवायला बसलो. माझ्या किटच्या आट्यांची एक पूर्ण फेरी म्हणजे 2 मिलिमीटर. गाडी उचलली गेली, मी खूश. पण पहिल्याच गतिरोधकावरून उतरताना पुढून टक्, टक् असा आवाज.

गल्लीत एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आयुष्य ट्रकच्या पाट्यांखाली गेलं, पण शॉकअपची जाण पक्की. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "स्प्रिंगले हात नको लावू भो, खालनं ब्रॅकेट फिराव." मग कारण समजावलं. स्प्रिंगवर वजन गाडीचं, ते बदलत नाही. त्यामुळे गाडी उभी असताना स्प्रिंग दबते तेवढीच दबते. आवळली म्हणून कडक झाली असं नाही. पण स्प्रिंगखालची रिंग, म्हणजे तिचा टेकू, वर सरकवला की गाडी वर जाते आणि शॉकअपचा दांडा जास्त बाहेर येऊन उभा राहतो. चाक खड्ड्यात उतरायला वाव कमी राहतो, दांडा शेवटाला जाऊन आदळतो, तोच आवाज. माझ्या किटमध्ये पुढच्या शॉकअपची नळीच खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांनी बसते. ती फिरवली की स्प्रिंग आणि दांडा जिथल्या तिथे, फक्त लांबी वाढते. स्प्रिंग फक्त एवढीच आवळून ठेवायची, की चाक लटकलं तरी ती सैल होऊन खुळखुळणार नाही.

मग वरच्या रिंगा वहीत बघून होत्या तिथे नेल्या आणि ब्रॅकेट आवळून धरणारी खालची रिंग सोडली. पुढचं काम घाईत करू नये. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, लावल्या. डावं-उजवं चाक जोडणाऱ्या स्टॅबिलायझर दांड्याच्या लिंक दोन्हीकडून सोडल्या, नाहीतर एक बाजू उचलली की तो दांडा दुसरी बाजू ओढतो आणि आकडे खोटे येतात. डावीकडे दहा फेऱ्या, उजवीकडे सात, म्हणजे दोन्ही 338 वर याव्यात. ब्रॅकेटच्या आत आटे पुरेसे शिल्लक आहेत ना, हे दोनदा पाहिलं. नळी फार बाहेर काढली तर ती मोजक्या आट्यांवर लटकते, आणि तिच्यावर पुढचं सगळं वजन असतं. ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हेही स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं.

मागचा प्रकार निराळा. तिथे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा, आणि स्प्रिंग चाकाच्या पुढे, मागची चाकं जोडणाऱ्या बीमच्या बिजागरीच्या बाजूला. दार बिजागरीजवळ थोडं ढकललं की कडीकडची कड कितीतरी जास्त सरकते, तसंच. मी टेकू 10 मिलिमीटर वर घेतला तर चाकापाशी 14 वाढले. हे आधी माहीत नसतं तर मागचा भाग उगाच वर जाऊन रात्री दिव्यांचा झोत रस्त्यावर जवळच पडला असता. डावीकडे नऊ फेऱ्या, उजवीकडे साडेआठ.

जॅकवरून उतरवल्यावर लगेच मोजलं तर गाडी खोटी उंच दिसते, कारण चाकं आत ओढली गेलेली असतात. ढकलून चार वेळा पुढे-मागे घेतली, मग चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळले. ते लटकत्या स्थितीत आवळले तर आतलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. लिंकही तेव्हाच जोडल्या.

अण्णांनी शेवटी एक गोष्ट करायला लावली. "मोकळी गाडी नको मोजू भो, माणसं बसाड." गल्लीतली चार मुलं आत बसवली. मागचा भाग 31 मिलिमीटर खाली आला, तरी रबरी स्टॉपर टेकत नव्हता. आधी तो टेकायचा, म्हणूनच भरल्या गाडीत कंबरेला दणके बसत होते.

स्टिअरिंग मात्र वाकडं झालं, गाडी डावीकडे ओढायला लागली. उंची बदलली की चाकांचं तोंड बदलतंच. दोन दिवस चालवून मगच धुळ्याला अलाईनमेंट करून घेतली. आधी केली असती तर स्प्रिंगा बसल्यावर पुन्हा करावी लागली असती.

आखाजीला तापी ओलांडून बहीण, दोन भाचरं आणि सांजोऱ्यांचा डबा घेऊन परत आलो. गतिरोधकावर आईनं सवयीनं सीट घट्ट धरली होती. काही टेकलं नाही. घरी आल्यावर पोरं उतरायच्या आत मी टेप घेऊन खाली बसलो: पुढे 337, 338, मागे, भरलेली असताना, 304 आणि 305.

आता रिंगांवर ग्रीस लावून सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली आहे. पावसाळा संपला की सोडून बघणार.